शाळेची सहल : संमतीपत्रावर सही करण्याआधी

दिवाळीची सुट्टी संपली की शाळांमध्ये सहलीची गडबड सुरू होते. मूल एक छापील कागद घेऊन घरी येते, "अब्बा, उद्यापर्यंत सही आणि पैसे पाहिजेत." बऱ्याच घरांत कागद न वाचताच सही होते, नाहीतर न वाचताच नकार मिळतो. मुलगी असेल तर नकारच जास्त. शिक्षक म्हणून मला दोन्ही खटकते. कागद वाचावा, प्रश्न विचारावेत, मग ठरवावे.

सर्वांत आधी पाण्याचे विचारा. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. ती कॉलेजची मुले होती, म्हणजे मोठी, समजदार. पण भरती-ओहोटीचा अंदाज किनाऱ्यावर न वाढलेल्या माणसाला येत नाही. ओहोटीच्या वेळी पाणी गुडघ्याएवढे दिसते आणि तेच पाणी आत ओढून नेते. त्यानंतर १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात बोट उलटून शाळेची १२ मुले आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त लोक होते आणि बहुतेकांच्या अंगात लाईफ जॅकेट नव्हते. तिथे ना समुद्र होता, ना लाटा. शहरातला तलाव होता.

म्हणून कार्यक्रमात समुद्रकिनारा, धरण, धबधबा किंवा बोटिंग असेल तर शाळेला स्पष्ट विचारा : मुले पाण्यात उतरणार का? बोटीत बसणार असतील तर प्रत्येकाला जॅकेट मिळणार का? "बघू, तिथे गेल्यावर ठरवू" असे उत्तर आले तर सही करू नका. जंजिरा किल्ला पाहायला बोटीशिवाय मार्ग नाही, तेव्हा तिथे हा प्रश्न हमखास विचारायचा. आणि मुलालाही घरीच बजावून ठेवा, की मित्र कितीही बोलावोत, पाण्यात जायचे नाही.

दुसरी गोष्ट गाडी. एसटी महामंडळ शालेय सहलीसाठी भाड्यात ५० टक्के सवलत देते, तरी काही शाळा खासगी बस ठरवतात. ठरवू द्या, पण बसचा नंबर आधी मागून घ्या. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला की फिटनेस आणि विम्याची मुदत दिसते. पाच मिनिटांचे काम आहे. एका सीटवर तीन-तीन मुले बसवणार का, रात्रभर प्रवास आहे का, दुसरा ड्रायव्हर आहे का, हेही विचारा. रात्री गाडी चालवून सकाळी मुलांना घरी पोहोचवण्याचा बेत मला तरी पटत नाही.

शाळेने सहलीसाठी शिक्षण विभागाची परवानगी घेतलेली असावी लागते. तिची प्रत पाहायला मागणे म्हणजे भांडण काढणे नव्हे. सहल सक्तीची नसते हेही लक्षात असू द्या. पैशांची ओढाताण असेल तर मुख्याध्यापकांना एकट्याने भेटा, वर्गात मुलाला मान खाली घालायला लावू नका. हिशेबही विचारायला हरकत नाही. अजिंठा, वेरूळ, दौलताबाद, बीबी का मकबरा ही ठिकाणे पुरातत्त्व खात्याकडे आहेत आणि तिथे १५ वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. (जाता जाता : अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. दारावरून परत फिरलेल्या सहली दरवर्षी असतात!)

आता आपल्या घरांतले प्रश्न. जेवणाचे आधीच सांगून ठेवावे. बाहेरचे मटण-चिकन कुठले याची खात्री नसेल तर मुलाने शाकाहारी ताट घ्यावे. एवढ्यासाठी सहल बुडवायची गरज नाही. नमाजबाबत मुलांना मुसाफिरचे मसले घरी समजावून द्या. साधारण ७८-८० किलोमीटरपलीकडे प्रवास असेल तर चार रकातींच्या फर्ज नमाजा दोन रकात होतात. दोन नमाजा एकत्र पढण्याबाबत हनफी आणि शाफई मसलकांत फरक आहे, कोकणातल्या आणि घाटावरच्या मुलांचे त्यावरून बसमध्ये वाद होतात, म्हणून आपल्या मौलानांना आधीच विचारून घ्यावे. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२५ मध्ये तो मार्चमध्ये होता, या दशकाच्या शेवटी तो थेट जानेवारी-डिसेंबरात, म्हणजे ऐन सहलीच्या मोसमात येईल. तारखा ठरण्याआधी, पालक सभेतच हा विषय काढलेला बरा.

मुलींसाठी सोबत शिक्षिका किती, मुक्काम असेल तर मुलींच्या खोल्या कुठे, रात्री तिथे कोण थांबणार, ही तीन उत्तरे समाधानकारक असतील तर मुलीला जाऊ द्या. भावाने खुलताबाद पाहायचे आणि बहिणीने फोटोत, हे काही बरोबर नाही.

दमा, फिट्स, ॲलर्जी असेल तर लपवू नका. औषधाची चिठ्ठी वर्गशिक्षकांच्या हातात द्या, मुलाच्या बॅगेत नको. दोन पालकांचे मोबाईल नंबर कागदावर लिहून मुलाच्या खिशात ठेवा, कारण फोनची बॅटरी संपली की आजकालच्या मुलांना अम्मीचा नंबरही पाठ नसतो. ११२ आणि १०९८ हे नंबर मात्र पाठ करून घ्या.