रमाई जयंती, 'रोज डे' आणि शारजाचा प्रश्न

दरवर्षी ७ फेब्रुवारीला मोबाईल उघडला की निम्म्या स्टेटसवर माता रमाईचा फोटो दिसतो आणि निम्म्यांवर गुलाबाचे फूल. रमाईची जयंती आणि 'रोज डे' एकाच तारखेला येतात. आपलेच काही तरुण सकाळी विहारात अभिवादन करतात आणि संध्याकाळी गुलाब घेऊन निघतात. ज्येष्ठ कार्यकर्ते यावर चिडतात. "ही भांडवलदारांची थेरं आहेत, आंबेडकरी पोरांनी यात पडू नये," असे त्यांचे म्हणणे असते. मला हा राग अर्धाच पटतो. उरलेला अर्धा का पटत नाही, ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी त्या दिवसाचा इतिहास पाहू. व्हॅलेंटाइन नावाचे ख्रिस्ती हुतात्मे प्राचीन रोममध्ये एकाहून अधिक होऊन गेले. बादशहाचा हुकूम मोडून प्रेमिकांची लग्ने लावणाऱ्या संताची गोष्ट आपण ऐकतो, ती दंतकथा आहे. या दिवसाचा प्रेमाशी संबंध जोडला गेला तो चौदाव्या शतकात, इंग्रज कवी चॉसरच्या काव्यातून. १८४० मध्ये इंग्लंडमध्ये एका पेनीत पत्र जाऊ लागले आणि प्रेमाची कार्डे सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. त्याच दशकाच्या अखेरीस अमेरिकेत एस्थर हाउलंड या तरुणीने अशी कार्डे बनवण्याचा मोठा धंदा उभा केला. १९६९ मध्ये तर कॅथॉलिक चर्चने आपल्या सार्वत्रिक दिनदर्शिकेतून हा दिवस काढून टाकला. म्हणजे धर्माने सोडलेला हा दिवस बाजाराने सांभाळला.

आपल्याकडे तो आला १९९१ च्या उदारीकरणानंतर, केबल टीव्ही आणि ग्रीटिंग कार्डांच्या दुकानांसोबत. आज मावळातल्या पॉलिहाऊसमधले गुलाब याच दिवसासाठी परदेशात जातात. बाजार आहे, हे खरेच. ज्येष्ठांचा राग इथपर्यंत बरोबर आहे.

पण या दिवसाला सगळ्यात मोठा विरोध कोणी केला? दुकानांच्या काचा फोडणारे, कार्डांची होळी करणारे, बागेतल्या जोडप्यांना उठाबशा काढायला लावणारे कोण होते? ते भांडवलशाहीचे विरोधक नव्हते, संस्कृतीचे स्वयंघोषित राखणदार होते. २००९ च्या जानेवारीत मंगळूरच्या पबमध्ये मुलींना मारहाण झाली, तीही संस्कृतीच्याच नावाने. फेब्रुवारी २०२३ मध्ये तर केंद्राच्या पशु कल्याण मंडळाने १४ फेब्रुवारीला गाईला मिठी मारण्याचे आवाहन केले आणि देशभर हसे झाल्यावर चार दिवसांत मागे घेतले.

या राखणदारांना एका गुलाबाची एवढी भीती का वाटते? याचे उत्तर बाबासाहेबांनी १९१६ मध्येच देऊन ठेवले आहे. कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या 'कास्ट्स इन इंडिया' या निबंधात त्यांनी दाखवले की जातीचा प्राण सजातीय विवाहात आहे. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या प्रथा जातीबाहेरचा संबंध रोखण्यासाठी उभ्या राहिल्या. पुढे १९३६ मध्ये 'जातिनिर्मूलन' या भाषणात, जे लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने होऊ दिले नाही आणि बाबासाहेबांनी स्वतः छापले, त्यांनी सांगितले की सहभोजनाने जात जात नाही, खरा उपाय आंतरजातीय विवाह हाच आहे. मुलगा आणि मुलगी जात न विचारता एकमेकांना निवडू लागले तर ही व्यवस्था टिकत नाही. राखणदारांना हे नीट कळते. आपल्याला कळते का?

आता आपला इतिहास पाहू. २९ ऑगस्ट १८६८ रोजी सावित्रीमाईंनी नायगावहून जोतिबांना एक पत्र लिहिले. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण पोथी-पंचांग घेऊन गावोगाव फिरायचा. त्याचे शारजा नावाच्या महार मुलीवर प्रेम बसले. ती सहा महिन्यांची गरोदर होती. लोकांनी दोघांची गावातून धिंड काढली, मारून टाकण्याचाच बेत होता. सावित्रीमाई धावत गेल्या, इंग्रज सरकारच्या कायद्याचा धाक दाखवला आणि दोघांचे प्राण वाचवले. मग त्यांना जोतिबांकडे पाठवून दिले.

या पत्रातली एक गोष्ट आपण भाषणात सांगत नाही. जीव वाचल्यावरही या दोघांनी गाव सोडून जावे, असा आग्रह धरला गेला. शारजाला गावाने ठेवून घेतले नाही.

दीडशे वर्षांत काय बदलले? १ जानेवारी २०१३ ला सोनईत प्रेमप्रकरणावरून मेहतर समाजातले तीन तरुण मारले गेले. एप्रिल २०१४ मध्ये खर्ड्यात शाळकरी वयाच्या दलित मुलाचा खून झाला, कारण वरच्या समजल्या जाणाऱ्या जातीतल्या मुलीशी तो बोलत होता. साक्षीदार उलटले आणि २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांसाठी विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारे उभारण्याचे निर्देश दिले. पण विशेष विवाह कायद्याची ३० दिवसांची नोटीस अजूनही कार्यालयाच्या फलकावर लागते. जोडप्यासाठी ते तीस दिवस कसे जातात, हे मी जवळून पाहिले आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतली एक मुलगी माझ्याकडे आली. ती बौद्ध, मुलगा मातंग. दोघेही नोकरीला. मुलीचे वडील जुने कार्यकर्ते, घरात बाबासाहेबांचा अर्धपुतळा. मला वाटले, इथे अडचण येणार नाही. मी समजवायला गेलो तर म्हणाले, "भाऊ, तुमचं सगळं बरोबर आहे, पण आमच्या नातेवाइकांत अजून असं कोणी केलं नाही." मी जातिनिर्मूलनाचा विषय काढला. ते म्हणाले, "ते पुस्तकात ठीक आहे." त्या मुलीने नोटीस फेब्रुवारीत दिली होती. १४ तारखेला ती दोघे कुठे फिरायला गेली नाहीत. घरी कोणी सांगेल या भीतीने तोंडाला स्कार्फ बांधून ती कामावर गेली आणि तशीच परतली. मार्चमध्ये लग्न नोंदवले, संध्याकाळी विहारात त्रिशरण-पंचशील घेतले. आम्ही नऊ जण होतो. वडील आले नाहीत.

मित्रांनो, आपल्या वधू-वर मेळाव्यांत पोटजातीचा रकाना अजून असतो. १५ एप्रिल १९४८ ला बाबासाहेबांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जन्माने सारस्वत ब्राह्मण असलेल्या त्या माईंना आपल्यातल्याच अनेकांनी वर्षानुवर्षे आपले मानले नाही. मग मनुवाद्यांना एकट्यांना दोष देऊन भागेल का?

म्हणून ज्येष्ठांना विनंती आहे की गुलाबावर चिडू नका, फलकावर नोटीस लागलेल्या पोरांच्या पाठीशी उभे राहा. आणि तरुणांनो, गुलाब जरूर द्या. पण आपल्या प्रेमाची गोष्ट घरी सांगायची वेळ आली की जातीच्या नावाखाली माघार घेऊ नका. विशेषतः मुलांनो, तिला एकटी पाडू नका. यंदा ७ फेब्रुवारीला रमाईला अभिवादन केल्यावर प्रत्येक विहाराने एवढे ठरवावे: आपल्या वस्तीतले असे एखादे जोडपे दाराशी आले, मग दुसरे माणूस कोणत्याही जातीचे असो, तर विहाराचे दार उघडे असेल आणि साक्षीदार म्हणून सही करायला तीन माणसे तयार असतील. कायद्याला तीनच साक्षीदार लागतात.

जय भीम!