गल्लीतला पब: भिंती, भाव आणि ताट

१५५६ मध्ये इंग्लंडमधल्या स्ट्रॅटफर्ड गावाने हातमोजे शिवणाऱ्या एका कारागिरावर नवी जबाबदारी सोपवली. गावात विकायला येणारा पाव आणि एल, म्हणजे जवाची बिअर, दोन्ही तपासायचे. एल चाखायची, माप पुरं आहे का ते बघायचं, ठरल्यापेक्षा जास्त भाव कुणी लावत नाही ना, यावर नजर ठेवायची. या कारागिराचं नाव जॉन शेक्सपिअर. आठ वर्षांनी त्याच्या घरी जन्मलेल्या विल्यममुळे ते आज जगाला माहीत आहे.

अशी नेमणूक ही गावकीची हौस नव्हती. तेराव्या शतकापासून इंग्लंडमध्ये पाव आणि एल यांचे भाव कायद्याने धान्याच्या भावाशी बांधलेले होते. जव महागला तर एल महाग, जव उतरला तर एलही उतरली पाहिजे. एल बनवणाऱ्यांत बायका पुष्कळ होत्या. घरच्या चुलीवर त्या ती उकळत, घरापुरती ठेवून उरलेली विकत आणि दारावर काठी किंवा झुडपाची जुडी लावून विक्री चालू असल्याची खूण देत. पिण्याच्या जागेचा भाव आणि दर्जा हा साऱ्या गावाच्या हिताचा प्रश्न आहे, हे त्या काळाने गृहीतच धरलं होतं.

पुण्या-मुंबईच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर पब म्हटलं की मंद दिवे आणि दणदणाटी संगीत येतं. इंग्लंडचा मोहल्ल्यातला पब वेगळा. त्याचं नातं आपल्या जुन्या इराणी हॉटेलाशी अधिक जवळचं आहे: ठरलेली खुर्ची, ठरलेली माणसं, एका पेल्यावर तासभर बसायची मुभा. म्हणून असा पब काही महिने बंद राहून नवा होऊन उघडला, की जुनी गिऱ्हाइकं आत शिरताच तीन गोष्टी बघतात. भिंती कुठे गेल्या, पिंट, म्हणजे बिअरचा मोठा पेला, केवढ्याला झाला आणि खायला काय आहे. तिन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच असतो: ही जागा आता कोणासाठी?

या प्रश्नाचं सर्वांत देखणं आणि सर्वांत कठोर उत्तर एकोणिसाव्या शतकाने दिलं. १८३० च्या कायद्याने दोन गिनी भरणाऱ्या कोणाही करदात्या घरमालकाला बिअर विकायचा परवाना मिळू लागला आणि काही वर्षांतच हजारो नवी बिअरघरं उघडली. दुसरीकडे शहरांत जिनचे झगमगते ‘महाल’ उभे राहिले होते. मोठाल्या काचा, गॅसचे दिवे, लांबलचक काउंटर. शतकाच्या अखेरीला बिअर कंपन्यांनी हीच श्रीमंती आपल्या पबमध्ये आणली. लिव्हरपूलचा फिलहार्मोनिक हा त्याचा कळस. तिथल्या पुरुषांच्या मुताऱ्याही गुलाबी संगमरवरासारख्या दिसतात आणि त्या बघायला लोक मुद्दाम जातात.

लंडनच्या होबर्न भागातला प्रिन्सेस लुईस हा पबही त्याच पिढीचा. त्याची आतली सजावट १८९१ ची. नक्षीदार फरशा, कोरीव आरसे, महोगनी लाकूड. पण खरी बघण्यासारखी गोष्ट म्हणजे बारभोवतीचे छोटे छोटे कप्पे. लाकूड आणि काच यांच्या पडद्यांनी एकच खोली तुकड्या-तुकड्यांत वाटलेली. कष्टकऱ्यांचा ‘पब्लिक बार’ साधा, उघड्या फळ्यांचा. ‘सलून’मध्ये गालिचा आणि गाद्यांची बैठक. बिअर एकाच पिंपातली, पण सलूनमध्ये तिला जास्त पैसे पडत. काही पबमध्ये काउंटरवर तोंडाच्या उंचीला फिरत्या काचेच्या झडपा असत. गिऱ्हाइकाने ऑर्डर द्यायची आणि झडप लावून घ्यायची, म्हणजे पलीकडच्या कप्प्यातल्याला आपला चेहरा दिसायला नको. इतक्या सुंदर कारागिरीने माणसांना एकमेकांपासून तोडायचं काम क्वचितच झालं असेल.

पहिल्या महायुद्धात सरकारच पबमालक झालं. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवर ग्रेटना इथे स्फोटकांचा प्रचंड कारखाना उभा राहिला आणि शेजारच्या कार्लाइल शहरात मजुरांचे लोंढे आले. दारूपायी गोंधळ वाढला, तेव्हा १९१६ मध्ये सरकारने त्या भागातले पब आणि बिअरचे कारखाने सरसकट ताब्यात घेतले. बरेच पब बंद केले, उरलेले सुधारायला घेतले. त्याच वर्षी एका जुन्या पोस्ट ऑफिसात ग्रेटना टॅव्हर्न उघडलं आणि तिथे जेवणाची सोय मुद्दाम मोठी ठेवली. या प्रयोगातली सर्वांत हुशार गोष्ट हिशेबाच्या वहीत होती. व्यवस्थापकाला पगार ठरलेला. दारू कितीही खपली तरी त्यावर दमडी जास्त नाही. कमिशन मिळे ते जेवणावर आणि बिनदारूच्या पेयांवर. गिऱ्हाइकाला आणखी एक पेला पाजण्यात पाजणाऱ्याचा फायदाच उरला नाही.

हॅरी रेडफर्न या वास्तुविशारदाने या योजनेसाठी हवेशीर, भरपूर बसायला जागा असलेले पब बांधले. कार्लाइलमधलं कंबरलँड इन आजही उभं आहे. युद्धापुरती म्हणून आलेली ही व्यवस्था १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत टिकली, तीही तोट्यात न जाता. पबमध्ये चांगलं जेवण ही अलीकडच्या श्रीमंतांची चैन आहे असं मानणाऱ्यांनी कार्लाइलचा इतिहास जरूर वाचावा. तिथे ते ताट मजुरांसाठी वाढलं होतं.

इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेलनेही पबमधल्या ताटाचा विचार केला होता. फेब्रुवारी १९४६ मध्ये ‘इव्हनिंग स्टँडर्ड’मध्ये त्याने ‘द मून अंडर वॉटर’ या आपल्या मनातल्या पबबद्दल लिहिलं. काउंटरवर सँडविच, शिंपले, चीज, लोणची. वरच्या मजल्यावर साधारण तीन शिलिंगांत दुपारचं भरपेट जेवण. सजावट सगळी व्हिक्टोरियन. असा पब प्रत्यक्षात नाही, हे त्याने लेखातच सांगून टाकलं.

पुढच्या तीस वर्षांत पब ऑर्वेलच्या स्वप्नापासून आणखी लांब गेले. बिअर कंपन्या एकमेकींना गिळत मोठ्या झाल्या. जिवंत, पिंपातच मुरणाऱ्या बिअरच्या जागी गाळलेली, गॅस भरलेली बिअर आली. नूतनीकरणाच्या नावाखाली कोरीव काचा आणि कप्पे उखडले गेले आणि जागोजाग एकसारखी प्लास्टिकची सजावट बसली. कप्पे गेले याचं दुःख मर्यादितच करावं, कारण त्यांच्याबरोबर वर्गभेदाची एक भिंतही पडली. पण जे आलं ते कुणाच्याच मालकीचं वाटेना. त्याविरुद्ध १९७१ मध्ये चार तरुणांनी ‘कॅम्रा’ ही ग्राहक चळवळ सुरू केली. चव, माप आणि भाव तपासायचं काम आता सामान्य गिऱ्हाइकाने स्वतःकडे घेतलं. याच संघटनेने पुढे जुन्या पबच्या शिल्लक सजावटीची देशभर नोंद केली. २००८ च्या सुमारास प्रिन्सेस लुईसचे कप्पे पुन्हा उभारले गेले. आज त्या कप्प्यांत भाव वेगवेगळे नाहीत आणि कुणीही कुठेही बसतं. जुनी कारागिरी राखून जुना भेद सोडून देता येतो, याचं हे उत्तम उदाहरण.

जेवणाच्या आघाडीवर ‘नांगऱ्याचं जेवण’ अवतरलं: पाव, चीज, लोणचं. नाव शेकडो वर्षांचं वाटतं. पाव-चीज खरोखरच जुनं, पण ताटाला हे नाव देऊन ते देशभर पोहोचवलं ते १९५० आणि ६० च्या दशकांतल्या चीज आणि दूध व्यवसायाच्या जाहिरातींनी. मग १९९१ मध्ये लंडनच्या फॅरिंग्डन रोडवर मायकेल बेल्बन आणि डेव्हिड आयर यांनी ‘द ईगल’ हा पडका पब घेतला. जुन्या बाजारातल्या खुर्च्या मांडल्या, स्वयंपाक बारमागेच सुरू केला, रोजचे पदार्थ फळ्यावर खडूने लिहिले. टेबलावर चादर नाही, वेटरचा रुबाब नाही. रेस्टॉरंटच्या तोडीचं जेवण पबच्या भावात, हा त्यामागचा विचार. नक्कल करणाऱ्यांनी फळा उचलला, खुर्च्या उचलल्या. भाव मात्र अनेकांनी रेस्टॉरंटचाच ठेवला.

आज लंडनमध्ये एका पिंटला सहा पौंड पडणं नवलाचं नाही. त्यात मद्यावरचं शुल्क आहे, वीस टक्के व्हॅट आहे, भाडं आणि वीजही आहे. शतकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये सुमारे ६०,००० पब होते, आता ते ४५,००० च्या आसपास उरलेत. म्हणून लोक पबसाठी लढायलाही उतरतात. २०१५ मध्ये लंडनच्या मेडा व्हेलमधला कार्लटन टॅव्हर्न विकासकाने परवानगीशिवाय पाडला. रहिवासी गप्प बसले नाहीत. होता तसा परत बांधा, असा आदेश त्यांनी मिळवला आणि २०२१ मध्ये तो पुन्हा उघडला.

भिंत, भाव आणि ताट या तिन्हींचा हिशेब सर्वांत स्पष्ट दिसतो तो बर्मिंगहॅमशेजारच्या स्मेदिकमध्ये. तिथल्या ओतकाम कारखान्यांत पंजाबी मजूर आले, तेव्हा कित्येक पबनी त्यांना दारातच अडवलं, किंवा फक्त पब्लिक बारमध्ये उभं राहू दिलं. व्हिक्टोरियन भिंतीला आता कातडीच्या रंगाचा मुलामा चढला होता. अवतारसिंग जौहल आणि भारतीय कामगारांची संघटना इंडियन वर्कर्स असोसिएशन यांनी या भेदाविरुद्ध लढा उभारला. १२ फेब्रुवारी १९६५ रोजी, आपल्या हत्येच्या नऊ दिवस आधी, अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स स्मेदिकला आले. जौहल त्यांना ब्लू गेट्स पबमध्ये घेऊन गेले. एका खोलीत त्यांना नकार मिळाला, पब्लिक बारमध्ये पेय मिळालं. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये सार्वजनिक जागांतल्या वंशभेदाला बंदी घालणारा पहिला कायदा झाला.

कारखाने बंद पडू लागले, तसे त्या भागातले पबही ओस पडत गेले. ते चालवायला पुढे आले त्यात ज्यांना कधी दारात अडवलं होतं, तेच लोक होते. स्मेदिक आणि वेस्ट ब्रॉमविच इथल्या ‘देसी पब’मध्ये आज पिंटबरोबर तडतडत्या लोखंडी तव्यावरचं मिक्स ग्रिल येतं: तंदुरी कोंबडी, सीख कबाब, खाली परतलेला कांदा. ताट एवढं मोठं, की मधोमध ठेवून सगळ्यांनी मिळून खावं. वेस्ट ब्रॉमविचच्या रेड लायनमध्ये पंजाबी स्थलांतरितांच्या आयुष्यावरची रंगीत काचेची खिडकी आहे. तिथे संध्याकाळी जुने गोरे कामगार, शीख कुटुंबं आणि फुटबॉल बघायला आलेली पोरं एकाच खोलीत बसतात, आणि एका पिंटचा भाव सगळ्यांना एकच पडतो.