अनुशेष, प्रादेशिक

राज्याच्या सरासरीपेक्षा एखादा जिल्हा रस्ते, सिंचन, वीज, आरोग्य इत्यादी सोयींत जितका मागे असेल ती तूट. तसेच ती भरून काढण्यास लागणारा खर्च. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भ-मराठवाड्याला न्याय्य वाट्याचे आश्वासन मिळाले होते. ते पुरते पाळले गेले नाही. १९८३ मध्ये वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या सत्यशोधन समितीने सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा अनुशेष काढला; त्यात सिंचनाचा वाटा सर्वांत मोठा होता. मात्र सरासरी स्वतःच पुढे सरकते, म्हणून एकदा काढलेला आकडा भरला तरी अंतर उरते. घटनेच्या कलम ३७१(२) नुसार १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.