अतिसंवाहक रेडिओ-कंप्रता पोकळी

अतिसंवाहक रेडिओ-कंप्रता पोकळी हा रेखीय कणवेगवर्धकाचा एक प्रमुख घटक असून तिच्यातील प्रत्यावर्ती विद्युत क्षेत्रामुळे प्रोटॉनांना ऊर्जा मिळते. ही पोकळी बहुधा नायोबियम धातूची असते व सुमारे २ केल्विन तापमानाच्या द्रवरूप हेलियममध्ये चालवली जाते. तिची कार्यक्षमता आतील पृष्ठभागाच्या निर्मळतेवर अवलंबून असते.

कार्य
पोकळीच्या आकारावरून तिची अनुस्पंदन-कंप्रता ठरते. प्रोटॉनांचे पुंजके क्षेत्राची दिशा अनुकूल असतानाच प्रत्येक कप्प्यातून जातात. दिशा उलटेपर्यंत ते पुढच्या कप्प्यात पोहोचतात. म्हणून मंद प्रोटॉनांसाठी कप्पे आखूड, तर वेगवान प्रोटॉनांसाठी लांब असतात. नायोबियम ९.२ केल्विनखाली अतिसंवाहक होते. तरीही रेडिओ तरंगांना त्याचा अल्पसा रोध राहतो व उष्णता निर्माण होते. २ केल्विनवरील एक वॉट उष्णता काढून टाकण्यासाठी शीतकरण यंत्रणेला कित्येकशे वॉट वीज लागते.

घडण
अतिशुद्ध नायोबियमच्या पत्र्यापासून साच्यात दाबून अर्धे कप्पे तयार करतात आणि निर्वातात इलेक्ट्रॉन शलाकेने जोडतात. घडणीत बिघडलेला आतील थर आम्लांच्या मिश्रणाने किंवा विद्युत-रासायनिक पद्धतीने काढतात. धातूत शिरलेला हायड्रोजन निर्वात भट्टीत बाहेर काढला जातो. शेवटी अतिशुद्ध पाण्याच्या सुमारे १०० बार दाबाच्या फवाऱ्याने पोकळी धुऊन तिची जुळणी धूळविरहित कक्षात करतात.

चाचणी
प्रथम पोकळी द्रवरूप हेलियमच्या पात्रात उभी टांगून क्षेत्र टप्प्याटप्प्याने वाढवतात. वीजपुरवठा तोडल्यावर साठलेली ऊर्जा किती वेळात ओसरते, यावरून गुणवत्तांक काढतात. तो १० अब्जांच्या घरात असू शकतो. क्ष-किरण आढळल्यास पृष्ठभागावरील धूलिकणातून किंवा टोकदार दोषातून इलेक्ट्रॉन बाहेर पडत असल्याचे समजते. एखादा दोष तापला, तर त्याभोवतीचे अतिसंवाहकत्व नष्ट होते आणि क्षेत्र कोसळते. अशा पोकळीची पुन्हा धुलाई किंवा रासायनिक प्रक्रिया करावी लागते. त्यानंतर ती शीतकोशात बसवून पूर्ण शक्तीवर तपासली जाते. तरंगांच्या दाबाने तिचा आकार किंचित बदलून कंप्रता ढळते, तीही याच वेळी सुधारतात. शीतकोश बंद झाल्यावर दोष आढळला, तर संपूर्ण जुळणी उकलावी लागते. म्हणून पहिली चाचणी निर्णायक ठरते.

उपयोग
स्वीडनमधील लुंड येथील युरोपियन स्पॅलेशन सोर्सच्या प्रोटॉन वेगवर्धकाची रचना २ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेसाठी केलेली आहे. तिच्यात ३५२ मेगाहर्ट्झच्या २६ आणि ७०४ मेगाहर्ट्झच्या १२० अतिसंवाहक पोकळ्यांचा समावेश आहे. पहिल्या प्रकारच्या शीतकोशांची चाचणी स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात, तर दुसऱ्या प्रकारच्या शीतकोशांची जुळणी फ्रान्समधील साक्ले येथे झाली. भारतात इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आणि मुंबईचे भाभा अणुसंशोधन केंद्र या संस्था अमेरिकेतील फर्मीलॅबच्या नव्या रेखीय वेगवर्धकाच्या प्रकल्पात सहभागी आहेत.