गेममधलं काल्पनिक जग कसं रचतात? 'राजी' आणि देवगिरीच्या अंधारीवरून समजून घ्या

नवं जग रचायचं म्हटलं की बहुतेक जण आधी नकाशा काढतात आणि राजांची नावं ठरवतात. गेमसाठी मात्र पहिला प्रश्न वेगळा: खेळाडू इथे काय करू शकतो आणि त्याला काय अडवतं?

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: ॲन एन्शियंट एपिक' (२०२०) बघा. राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधणारी राजी सर्कशीत कसरती करणारी मुलगी आहे. म्हणून ती भिंतींवरून धावते तेव्हा खोटं वाटत नाही. महाल राजस्थानी धाटणीचे, देवांच्या गोष्टी भिंतीवरच्या चित्रांतून कळतात आणि कथेतले प्रसंग छायाबाहुल्यांच्या खेळासारखे दिसतात. लांबलचक माहिती वाचायला लावत नाही, हे मला सगळ्यात आवडलं. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर निधी उभारण्याचा प्रयत्न फसला होता; तरी २०२० च्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात नामांकन मिळालं.

आपल्या संभाजीनगरजवळ तर तयार 'लेव्हल' आहे! देवगिरी किल्ल्याचा तासलेला कडा, खंदक आणि मग अंधारी. या वळणावळणाच्या काळोख्या बोगद्यात शत्रूला दिशाच कळू नये आणि वरच्या तोंडाशी आग पेटवून धुरानं त्याला कोंडावं, अशी रचना.

हा किल्ला जसाच्या तसा उचलू नका. एकच नियम बदला: समजा, तुमच्या राज्यात आग पेटतच नाही. मग धूर नाही, लोहार नाही, मेंढा तोफही नाही. आता अंधारी कोण राखणार, आणि कशानं?