ड्यूको : कापसाच्या पोटी जन्मलेला रंग

जुन्या गाडीवर कोणता रंग आहे हे ओळखायची गॅरेजातली परीक्षा सोपी आहे. डिकीच्या आतल्या बाजूला, सहज नजर जाणार नाही अशा जागी थिनरमध्ये भिजवलेलं फडकं घासायचं. रंग सुरकुतला तर बहुधा सिंथेटिक इनॅमल. काहीच झालं नाही तर पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. आणि फडक्यालाच रंग लागला तर पेंटर सांगतो, "हा जुना ड्यूको आहे, भाऊ."

नागपूरच्या कळमन्यात पत्र्याच्या शेडखाली उभ्या केलेल्या एका जुन्या फियाटवर ही परीक्षा झाली आणि मी त्या ड्यूकोच्या मागे लागलो. रंग म्हणजे खनिज, तेल, फार तर डांबर, अशी माझी समजूत होती. शोध घेत गेलो तो थेट कापसापाशी पोचलो. ज्या विदर्भाने पिढ्यान्पिढ्या कापूस पिकवला, तिथे बसून ही कुळकथा सांगण्यात मला वेगळाच आनंद आहे.

सरकी काढल्यावरही तिच्या अंगाला आखूड लव चिकटून राहते. सूतगिरणीला ती नको असते. पण ती जवळजवळ शुद्ध सेल्युलोज असते. तिला नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणात बुडवलं की नायट्रोसेल्युलोज तयार होतं. त्यात नायट्रोजन १३ टक्क्यांच्या वर गेला तर तो बंदुकीचा कापूस होतो. ११-१२ टक्क्यांवर थांबलं तर योग्य द्रावकात विरघळून काचेसारखा पापुद्रा धरणारा पदार्थ मिळतो. तोच ड्यूकोचा प्राण. स्फोटक आणि रंग यांच्यात एक-दोन टक्के नायट्रोजनचं अंतर आहे!

पहिला टप्पा सर्वांना ठाऊक आहे. १८४६ मध्ये बाझेलचा रसायनशास्त्रज्ञ शोनबाइन याने बंदुकीचा कापूस जाहीर केला. स्वयंपाकघरात सांडलेलं आम्ल त्याने बायकोच्या सुती एप्रनने पुसलं आणि वाळताना ते भडकलं, ही गोष्ट मोठ्या आवडीने सांगतात. मला ती नंतर रचलेली वाटते. कारण ब्राकोनो आणि पेलूझ हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ १८३०च्या दशकातच त्या वाटेवर होते आणि फ्रँकफर्टचा ब्योट्गर त्याच वर्षी स्वतंत्रपणे तिथे पोचला होता. पुढे याच पदार्थातून सेल्युलॉइड आलं, सिनेमाची फिल्म आली. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' अशाच फिल्मवर चित्रित झाला. २००३ मध्ये पुण्यात चित्रपट संग्रहालयाच्या कोठारात आग लागून जुन्या नायट्रेट फिल्म्स गेल्या, त्याही याच कुळातल्या.

खरा वाद आहे तो गाडीवर चढलेल्या रंगाचा. १९२०च्या आधी मोटार रंगवायची म्हणजे तेलाच्या व्हार्निशचे थरावर थर द्यायचे आणि प्रत्येक थर वाळण्याची वाट पाहत आठवडेच्या आठवडे घालवायचे. फोर्डने १९१४ पासून सुमारे दहा वर्षं मॉडेल टी फक्त काळ्या रंगात काढली. ड्यूपाँ कंपनीचा ड्यूको १९२३ मध्ये आला आणि जनरल मोटर्सच्या १९२४च्या ओकलंड गाडीवर निळ्याशार रंगात झळकला. आठवड्यांचं काम दिवसांवर आलं.

पण हा शोध लागला कसा? एका कथेत जनरल मोटर्सचा संशोधक केटरिंग न्यूयॉर्कच्या दुकानात रंगीत तबक पाहतो आणि त्यावरचा चटकन वाळणारा लॅकर कुणी बनवला याचा माग काढत जातो. दुसऱ्या कथेत न्यू जर्सीतल्या पार्लिन इथे, ड्यूपाँच्या फिल्मच्या प्रयोगशाळेत, १९२०च्या उन्हाळ्यात नायट्रोसेल्युलोजच्या घट्ट द्रावणाचं पिंप उकाड्यात पडून राहतं आणि पातळ होतं.

मी पिंपाच्या बाजूने आहे. तबकाच्या कथेतून कारखानदाराची गरज कळते, रंगाचा जन्म कळत नाही. साधं नायट्रोसेल्युलोज विरघळवलं तर थोडक्यातच इतकं दाट होतं की स्प्रे गनमधून जाईल अशा द्रावणात रंगाचा ऐवज फारच कमी उरतो. वीस हात मारावे तेव्हा थर दिसेल. द्रावण पातळ पण ऐवज भरपूर, हे गणित पिंपानेच सोडवलं.

तरी माझ्या मते दोन्ही कथा मूळ कारणाला बगल देतात. ते कारण म्हणजे युद्धात उरलेला माल. पहिल्या महायुद्धात ड्यूपाँने मित्रराष्ट्रांना अफाट दारूगोळा पुरवला. युद्ध संपलं तेव्हा कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करणारे प्रचंड कारखाने रिकामे झाले. शिवाय ड्यूपाँकडे जनरल मोटर्सचे भरपूर शेअर होते. माल घरचा, गिऱ्हाईकही घरचं.

थिनरची गोष्ट तर याहून विलक्षण. त्याच युद्धात कॉर्डाइट ही तोफेची दारू बनवायला ब्रिटनला अ‍ॅसिटोन हवं होतं. रसायनशास्त्रज्ञ वाइझमनने जिवाणूंकडून मक्याचं आंबवण करवून ते मिळवलं. पण त्या प्रक्रियेत एक भाग अ‍ॅसिटोनमागे दोन भाग ब्यूटेनॉल निघे आणि त्याला कुणी विचारत नसे. हिंदुस्थानातही युद्धकाळात नाशिकला अ‍ॅसिटोनचा कारखाना उभारला गेला आणि मोहफुलांवर प्रयोग झाले. भंडारा-गडचिरोलीच्या माणसाला मोहफुलांची ही ओळख नवी वाटेल. पुढे त्याच नकोशा ब्यूटेनॉलचं ब्यूटिल अ‍ॅसिटेट झालं. बेताने उडून जाणारं, रंगाला पसरायला वेळ देणारं हे द्रावक ड्यूकोला अगदी जुळलं. कापूस तोफेचा, थिनरही तोफेच्याच दारूचा. दोन्हीकडचं उरलंसुरलं मोटारीच्या पत्र्यावर एकत्र आलं.

एक प्रतिस्पर्धी मत आमच्याकडेही ऐकू येतं. लॅकर म्हणजे लाख, तेव्हा हा रंग गोंदियाकडच्या लाखेतून निघाला असणार, असं काही कारागीर सांगतात. नाव लाखेवरून आलं हे खरं. पण चपड्याचं पॉलिश नुसत्या स्पिरिटमध्ये विरघळतं, ड्यूकोला थिनरच लागतो. नाव लाखेचं, कूळ कापसाचं.

१९२६च्या सुमारास ब्रिटनमध्ये ड्यूको बनवू लागली ती नोबेल घराण्यातली कंपनी, म्हणजे डायनामाइटवाल्या नोबेलचा वारसा. ती आयसीआय या ब्रिटिश रसायन कंपनीत विलीन झाली आणि आयसीआयच्या व्यापारातूनच ड्यूको इथल्या गॅरेजांत शिरला असणार, याबद्दल मला शंका नाही. तो इथे टिकला त्याचं कारण मात्र अगदी साधं आहे. त्याला भट्टी लागत नाही. कॉम्प्रेसर, गन आणि पत्र्याची शेड पुरे. द्रावक उडालं की रंग वाळला. आज सुताराच्या कारखान्यात कपाटाच्या दारांवरही ड्यूको मारतात.

कळमन्यावरून पूर्वेला जाणारी रेल्वे भंडाऱ्याकडे जाते. त्या जिल्ह्यात जवाहरनगरला १९६४ पासून आयुध निर्माणी आहे. तिथल्या प्रोपेलंटच्या मुळाशी हेच नायट्रोसेल्युलोज. कापूस संशोधनाची राष्ट्रीय संस्था नागपुरात आणि स्फोटकांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संघटनेचं मुख्यालयही नागपुरातच. ड्यूकोच्या दोन्ही कुळांचं सरकारी दप्तर एकाच शहरात आहे, हे पाहून मी थक्क झालो.

हे कूळ कळल्यावर कामाची रीत बदलते. ड्यूको वाळताना रासायनिकदृष्ट्या बदलत नाही, म्हणून नवा हात जुन्या थराला किंचित विरघळवून त्यात मिसळून जातो. पीयूचा थर एकदा जमला की पुन्हा विरघळत नाही. त्यामुळे ड्यूकोवरचा ओरखडा तेवढ्याच जागी लांबी भरून, पाणीपेपर मारून, फवारा देऊन, रबिंगने बुजवता येतो. गाडी ताब्यात आली की आधी सगळा पत्रा खरवडून उघडा करायचा, ही घाई मला मान्य नाही. आधी थिनरची परीक्षा करा. पेपर ओलाच मारा, कारण या रंगाची कोरडी धूळ आणि थिनरची फडकी सहज पेट घेतात. मूळ थर निरोगी असेल तर तो राखा आणि फक्त गंजलेली जागा दुरुस्त करा. खरवडलेला ड्यूको परत मिळत नाही, आणि दुरुस्त होण्याचा असा गुण आजच्या महागड्या रंगांत नाही.