चौसष्ट जणांची रोवणी

भंडारा जिल्ह्यात पावसाने जोर धरला की धानाच्या बांध्यांमध्ये रोवणी सुरू होते. एका बाईला जे काम दहा दिवस पुरेल, ते दहा बाया एका दिवसात उरकतात. मग शंभर बाया लावल्या तर? बांधी चिखलून होईपर्यंत आणि पऱ्हे उपटून बांधावर येईपर्यंत त्यांना थांबूनच राहावे लागेल. संगणकाच्या इतिहासातला एक मोठा प्रश्न असाच आहे.

१९८० च्या दशकात हवामानाच्या अंदाजासाठी भारताला अमेरिकेतील क्रे कंपनीचा महासंगणक हवा होता. मागितलेले शक्तिशाली यंत्र अमेरिकी सरकारने नाकारले. एका प्रक्रियकाचे लहान यंत्र तेवढे मिळाले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये तिथे ‘परम ८०००’ तयार झाला.

एकच अतिवेगवान प्रक्रियक घडवण्याऐवजी सी-डॅकने अनेक साधे प्रक्रियक जोडले. इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचा ‘ट्रान्सप्यूटर’ त्यासाठी सोयीचा होता. त्याच्या एकाच चिपवर ३२ बिटांचा प्रक्रियक, अपूर्णांकी गणिताचा विभाग, ४ किलोबाइट स्मृती आणि शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार दुवे होते. असे ६४ ट्रान्सप्यूटर ‘परम’मध्ये एकत्र काम करत. प्रत्येकाची स्मृती वेगळी. शेजाऱ्याकडची माहिती हवी असेल तर निरोप धाडावा लागे.

मग वेग ६४ पट झाला का? जीन अ‍ॅम्डाल यांनी १९६७ मध्येच याची मर्यादा दाखवली होती. समजा, कामाचा दहावा भाग वाटून देता येत नाही. मग ६४ प्रक्रियक लावूनही वेग ९ पट होत नाही. कितीही लावले तरी १० पटींपुढे जात नाही. निरोपांत जाणारा वेळ आणखी वेगळा! म्हणून यंत्राइतकेच महत्त्व काम कसे वाटायचे याला आले.

पुढे हीच वाटणी एका चिपच्या आत शिरली. आयबीएमच्या ‘पॉवर ४’ या २००१ च्या सर्व्हर-प्रक्रियकात दोन गाभे होते, तर सनच्या २००५ मधील ‘अल्ट्रास्पार्क टी १’मध्ये आठ. येथे गाभ्यांची स्मृती सामाईक असते, त्यामुळे निरोपांची जागा रांगेने घेतली.

हे वर्गातही पाहता येईल. २०० संख्यांची बेरीज आधी एका विद्यार्थ्याकडून, मग ४, ८ आणि १६ जणांकडून करून घ्या. चिठ्ठ्या वाटण्यात आणि उत्तरे गोळा करण्यात गेलेला वेळही नोंदवा. किती जणांनंतर फायदा थांबतो, हे मुलांनाच शोधू द्या.